मदत हवी आहे: ब्रेक कॅलिपरची खालची पिन जाम

पेट्रोल हॅचबॅक, 2014 ची. पुढच्या डाव्या चाकाचा आतला ब्रेक पॅड 2 मिमी उरलाय, बाहेरचा 7 मिमी. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ज्या दोन स्लाइड पिनांवर सरकतो, त्यातली वरची हाताने सरकते, खालची नाही. खानापूरच्या पावसात पिनवरचा रबरी बूट (पाणी-धूळ अडवणारं आवरण) फाटून पाणी आत गेलं आणि ब्रॅकेटमध्ये (कॅलिपर धरणाऱ्या चौकटीत) पिन गंजली. पॅड ढकलणारा पिस्टन चांगला आहे, सी-क्लॅम्पने सहज मागे जातो.

गंज सोडवणारं तेल दोन रात्री घालून ठेवलं, पाना लावून पिन फिरवली. थोडी फिरते, बाहेर येत नाही. हातोडा जोरात मारलेला नाही, पिन वाकली तर पॅड पुन्हा तिरकाच झिजणार.

गाडी सपाट काँक्रीटवर, जॅक स्टँडवर आहे. मागच्या चाकांना दगड लावलेत. कॅलिपर तारेने टांगलाय, म्हणजे ब्रेकच्या नळीवर ताण नाही. ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस आणलंय (साधं ग्रीस लावा म्हणू नका, त्याने रबर फुगतं). चोर्ला घाट उतरायचाय, त्यामुळे अर्धवट काम नको.

ब्रॅकेट काढून, बूट उतरवून, व्हाइसमध्ये धरून गॅस टॉर्चने तापवलं तर चालेल का, की ब्रॅकेट नवीनच घ्यावं? आणि पिन-बूटचा सुटा किट बेळगावात कुठे मिळेल?