फिल्म ‘धुणे’, धुण्याचा सोडा आणि नुसतेच धुणे

अर्धनिगेटिव्ह: कॉफीत कृष्णधवल फिल्म डेव्हलप करायची कृती (कॅफेनॉल) मराठीत लिहायला घेतली आहे. साहित्य सोपं: लिटरभर पाण्याला ५४ ग्रॅम निर्जल धुण्याचा सोडा, १६ ग्रॅम क जीवनसत्त्व, ४० ग्रॅम इन्स्टंट कॉफी. २० अंश सेल्सिअसला साधारण १५ मिनिटं. घोडं अडलं ते क्रियापदाशी. बोलताना आपण ‘रोल धुतला’ म्हणतो तेव्हा डेव्हलप केला असाच अर्थ असतो. पण याच कृतीत शेवटी फिल्म साध्या पाण्यातही धुवायची असते, आणि सोडाही धुण्याचाच. माझं वाक्य असं झालंय: ‘फिल्म धुण्याच्या सोड्यात धुऊन झाली की हायपोत घाला आणि मग धुवा.’ (हायपो म्हणजे फिक्सर, उठलेलं चित्र पक्कं करणारं द्रावण.) डेव्हलप करणे आणि डेव्हलपर, म्हणजे ते करणारं द्रावण, दोन्हींना शब्द सुचवा.

तत्समप्रेमी: विकसन आणि विकासक. शब्द आहेत, वापरायचा कंटाळा आहे.

कट्टेकरी: विकासक म्हटलं की मला टॉवर आणि पार्किंग दिसतं. ‘विकासकाला २० अंशांवर आणा’ हे वाक्य कोण गंभीरपणे वाचणार?

तत्समप्रेमी: बिल्डरांनी शब्द पळवला म्हणून आपण तो सोडून द्यायचा का?

लालदिवा: आम्ही डार्करूममध्ये ‘उठणे’ म्हणायचो. कागद ट्रेमध्ये टाकला, हलवत राहिलं की हळूहळू चित्र उठायचं. ‘अजून उठलं नाही, राहू दे.’ मग उठवणे का नको? शिवाय फिल्मवर प्रकाश पडल्यावर जी तयार होते तिला सुप्त प्रतिमाच म्हणतात. सुप्त आहे तिला उठवायचं, इतकं सरळ आहे.

तत्समप्रेमी: लालदिवा, ही व्युत्पत्ती गोड आहे पण ओढूनताणून आहे. ते उठणे झोपेतून उठणे नव्हे. ठसा उठतो, वळ उठतो, त्यातलं उठणे आहे.

लालदिवा: मग तर आणखीच बरं, एका शब्दात दोन्ही आलं.

जोडाक्षर: ‘उमटवणे’ का नाही?

लालदिवा: शिक्का उमटवतात, बाहेरून दाबून. इथे बाहेरून काही येत नाही. प्रकाश लागलेल्या कणांतल्या चांदीच्या क्षाराची चांदी करायची, एवढंच डेव्हलपरचं काम.

नववी_ब: म्हणजे क्षपण! शाळेच्या पुस्तकातलं. मग डेव्हलपर म्हणजे क्षपणक.

कट्टेकरी: क्षपणक हा संस्कृत नाटकातला भिक्षू. त्याला कॉफीत कशाला बुडवता?

पिपेट: शब्द काहीही ठेवा, पण ‘सोडा’ एवढाच लिहून सोडून देऊ नका. खाण्याचा सोडा म्हणजे बायकार्बोनेट, त्याची अल्कता इथे पुरत नाही, फिल्म जवळजवळ कोरी निघेल. धुण्याचा सोडा म्हणजे कार्बोनेट, तोच हवा. आणि कॉस्टिक सोडा कातडी जाळतो, ‘सोडाच आहे की’ म्हणून कुणी तो घेतला तर जबाबदार तुमचा अनुवाद. ‘निर्जल’ हा शब्दही गाळू नका. खड्यांच्या सोड्यात पाणी धरलेलं असतं, त्यामुळे ५४ ग्रॅमच्या जागी जवळजवळ १४६ ग्रॅम घ्यावा लागतो. खाण्याचाच सोडा हाताशी असेल तर तो ओव्हनमध्ये २०० अंशांच्या आसपास चांगला तापवून कार्बोनेट करता येतो. ५४ ग्रॅमसाठी ८६ ग्रॅम लागेल, उरलेलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातं.

अर्धनिगेटिव्ह: उत्तम, हे कृतीत घालतो. पण धुणे?

जोडाक्षर: ‘फोटो धुणे’ हे हिंदीतून आलंय, ‘धुलवाना’. मराठीत धुतात ते धुणं आणि भांडी.

लालदिवा: आणि धुणावळ कुठून आली? शिवणावळीसारखाच शब्द आहे. जिथे अर्धा वेळ पाण्यात हात असतो, तिथल्या माणसाला ‘धुणे’ शिकायला हिंदीकडे जावं लागत नाही.

जोडाक्षर: धुणावळ कपड्यांची. फोटोंची धुणावळ मी तरी ऐकलेली नाही.

लालदिवा: मी ऐकली आहे.

तत्समप्रेमी: मुळात ‘कॅफेनॉल’ हे नावच चुकीचं. कॅफीन चित्र उठवत नाही (बघा, मीही उठवलं). कॅफीन काढलेल्या कॉफीतही फिल्म होते.

पिपेट: काम कॅफेइक आम्ल आणि त्याचे भाऊबंद करतात, त्यामुळे ‘कॅफे’ बरोबरच आहे. आणि ‘नॉल’ हा माझ्या मते फिनॉलमधला, कारण ही सगळी मंडळी फिनॉल जातीचीच. रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत स्कॉट विल्यम्स यांच्या वर्गात १९९५ साली हा प्रयोग झाला. रसायनवाल्यांनी ठेवलेलं नाव आहे, उगाच नाही ठेवलं.

कट्टेकरी: माझ्या मते कॉफी घेता घेता ठेवलं.

नववी_ब: हायपो कुठल्या भाषेतला?

पिपेट: जुनं नाव हायपोसल्फाइट ऑफ सोडा, त्याचं तोंडी लघुरूप. आज थायोसल्फेट म्हणतात. तो चांदीचे क्षार विरघळवतो हे इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने १८१९ मध्ये नोंदवलं, फोटोग्राफी जाहीर व्हायच्या २० वर्षं आधी. निगेटिव्ह आणि पॉझिटिव्ह हे शब्दही त्याचेच. नाव शास्त्रीयदृष्ट्या कधीच बदललं, पण डार्करूममध्ये हायपोच राहिला. तत्समप्रेमींनी हे लक्षात घ्यावं.

तत्समप्रेमी: लक्षात घेतलं. तरीही फिक्सरला ‘स्थिरकारी’ म्हणणार.

लालदिवा: ‘पक्कं करणे’ म्हणा, रंग पक्का करतात तसं.

अर्धनिगेटिव्ह: मग असं लिहू का: ‘फिल्म कॉफीत उठवा, हायपोत पक्की करा, पाण्यात धुवा’? डेव्हलपर मात्र डेव्हलपरच ठेवतो.

तत्समप्रेमी: ‘फिल्म उठवा’? उठतं ते चित्र. फिल्म उठली तर टाकीतून बाहेर येईल.

नववी_ब: कॉफी कुठली घ्यायची?

पिपेट: फिल्टर नको, इन्स्टंट, आणि जमल्यास स्वस्तातली. स्वस्त कॉफीत बहुधा रोबस्टा जास्त असते आणि रोबस्टात क्लोरोजेनिक आम्ल अरेबिकापेक्षा अधिक. तेच अल्कात फुटून कॅफेइक आम्ल देतं. चिकरी मिसळलेली घेऊ नका. वासाबद्दल आधीच सांगतो, खिडकी उघडी ठेवा. फिल्मा एकाहून जास्त असतील तर दर वेळी नवं द्रावण करा, हे टिकत नाही.

जोडाक्षर: ‘फिल्मा’? भिंत-भिंती तसं फिल्म-फिल्मी.

कट्टेकरी: वीट-विटा तसं फिल्म-फिल्मा. ‘फिल्मी’ म्हणजे वेगळंच काही.

तत्समप्रेमी: परभाषेतल्या शब्दाचं अनेकवचन करूच नये. दोन फिल्म, चार फिल्म.

लालदिवा: आम्ही रोलच म्हणायचो. एक रोल, दहा रोल, कटकट नाही.