अनुभव सांगा: स्कोप लोगोवरच अडकतो तेव्हा

सात_रस्ता :
आज सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यातून फोन आला. रेपियर मागाची (टॉवेल विणणाऱ्या यंत्राची) इलेक्ट्रॉनिक कार्डं दुरुस्त करणारा तिथला पोरगा म्हणाला, "दादा, स्कोप चालू केला की लोगो येतो आणि तिथंच थांबतो." स्कोप म्हणजे ऑसिलोस्कोप, सर्किटातली व्होल्टची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र. ऐकलं आणि आमचे अण्णा आठवले. अशोक चौकाकडं त्यांचं रिपेरिंगचं दुकान होतं, डिप्लोमानंतर मी खरं काम शिकलो ते तिथं.

एका कॉलेजच्या लॅबमधून असाच डिजिटल स्कोप आला होता. आधीच्या माणसानं मेन बोर्ड गेला म्हणून लिहून दिलेलं, आणि बोर्डाची किंमत नव्या स्कोपच्या आसपास. अण्णांनी बोर्डाला हातच लावू दिला नाही. "आधी सप्लायच्या कनेक्टरवर मीटर लाव, आणि स्कोप बूट होत असताना बघ." बंद-चालू करताना ५ व्होल्टची लाइन पहिल्यांदा बरोबर दिसायची, लोगो आला की ४.६ वर बसायची. मीटर एसीवर टाकला तर रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली लहर. सेकंडरीचे (सप्लायच्या कमी व्होल्टच्या बाजूचे) कॅपॅसिटर वरून एकदम सपाट, फुगवटा नाही, मायक्रोफॅरडही जवळजवळ बरोबर. ईएसआर, म्हणजे कॅपॅसिटरचा आतला रोध, मात्र कितीतरी पट वाढलेला. ते बदलले आणि स्कोप पुढं सरकला.

लोगो दिसला म्हणून सप्लाय निर्दोष ठरत नाही, हे मला तिथं कळलं. फॅन, बॅकलाइट आधीपासून चालू असतात, आणि बऱ्याच स्कोपांत लोगोनंतर एफपीजीए (सिग्नल हाताळणारी मोठी चिप) लोड होतो, एडीसी (सिग्नलचे आकडे करणारी चिप) जागा होतो, सगळे एकदम करंट ओढतात. थकलेला सप्लाय नेमका तिथं बसतो आणि दोष जातो बिचाऱ्या बोर्डावर. किती चांगले बोर्ड असे भंगारात गेले असतील याचं मला खरंच वाईट वाटतं. तुमच्याकडं असं काय झालं होतं? लिहा.

पूर्वभाग :
अण्णा म्हणजे ते दुकानात रेडिओ लावून बसायचे तेच का ओ? आमच्या मागाचा टायमर त्यांनीच करून दिलेला. पैसे विचारले तर "चालू राहिला तर पुढच्या महिन्यात दे" म्हणाले.

सात_रस्ता :
तेच. चहा पण पाजला असेल.

पूर्वभाग :
दोनदा.

फुफाटा :
कॅपॅसिटरचा हिशेब सोलापूरकरांनी तरी पाठ करावा. अंगावर १०५ डिग्री असतं, आणि डेटाशीटात त्या तापमानाला २००० तास असं असतं. साधा नियम असा की तापमान १० डिग्रीनं कमी झालं की आयुष्य दुप्पट. म्हणजे डब्याच्या आत ६५ असेल तर ३२००० तास, ७५ असेल तर १६०००. रोज आठ तास धरले तर दुसरा आकडा साडेपाच वर्षांत संपतो. मे महिन्यात आपल्याकडं बाहेरच ४३-४४, वर पत्र्याचं शेड, मागाच्या खात्यातला सुताचा भुसा फॅनच्या जाळीत बसलेला. मग काय राहतंय आत. ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो उलटा जोरात फिरतो आणि बेअरिंग जातं.

लॅबताई :
मी पॉलिटेक्निकमध्ये लॅब असिस्टंट आहे. मुलं "मॅडम, स्कोप मेला" म्हणत येतात तेव्हा मी आधी कान लावते. चालू केल्यावर आतून रिलेंची टकटक आली तर प्रोसेसर जिवंत आहे, तो सेल्फ टेस्ट करतोय. मग पडद्यावर तिरका टॉर्च मारायचा. पुसट मेनू दिसला तर फक्त बॅकलाइट गेलाय. यूएसबीनं कॉम्प्युटरला जोडून पाहायचा, डिव्हाइस सापडलं म्हणजे डोकं शाबूत. एवढं करायला स्क्रू ड्रायव्हरही लागत नाही. आणि मागं लावून विसरलेला पेन ड्राइव्ह काढा! काही मॉडेल त्यानंच अडकतात. पाणी आलंय, बाकी नंतर लिहिते.

जुळे_सोलापूरकर :
ताई, तुमच्याकडं आज आलं? आमच्याकडं परवा म्हणालेत.

पूर्वभाग :
आमच्याकडं रात्री दोनला सोडतात. झोप आणि पाणी, एकच काय ते मिळतं.

किनारा_टॉवेल :
बटण अडकलंय का तेही बघा. काही मॉडेलांत चालू होताना एखादं बटण दाबलेलं असलं की स्कोप रिकव्हरीत जातो किंवा तिथंच उभा राहतो. आमच्याकडं तेलकट हाताचा मळ रबर कीपॅडखाली गेला होता. कीपॅड सोडवून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसला, संपलं. दुसऱ्या स्कोपात पालीनं संसार मांडला होता, त्याचं वर्णन जेवायच्या वेळेला नको.

विद्यार्थी_टीई :
नमस्कार, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सेकंडहँड स्कोप घेतला, घरच्यांना पटवून. सकाळी चालू होत नाही, लोगो येतो, टक्क आवाज, परत लोगो, असंच फिरत राहतो. दुपारी मात्र होतो. फर्मवेअर (आतला प्रोग्रॅम) परत टाकू का?

सात_रस्ता :
अजिबात नको. थांब.

फुफाटा :
थंड असताना अडतो आणि ऊन चढल्यावर चालतो, ही सुकलेल्या इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटरची खूण. गार झाला की ईएसआर आणखी वाढतो. अशा सप्लायवर फर्मवेअर टाकायला घेतलं आणि मध्येच रिसेट झाला तर आज चांगली असलेली फ्लॅशही (प्रोग्रॅम ठेवणारी मेमरी) बिघडेल. सकाळी बंद असताना हेअर ड्रायरनं सप्लायचा भाग बेतानं गरम कर, ड्रायर बाजूला ठेव, मग चालू करून बघ. लगेच झाला तर चोर सापडला.

घरची_लक्ष्मी :
हेअर ड्रायरचं आमच्याकडं बोलूच नका. माझा ड्रायर यांच्या बेंचवर असतो. लग्नाला जायचं असलं की बेंचवरून आणावा लागतो, सोल्डरच्या वासासकट.

लॅबताई :
😂 आमच्याकडं नेलपॉलिश रिमूव्हर!

बेंचवाले_काका :
विद्यार्थी, बाळा, उघडण्याआधी हे वाच. २३० व्होल्ट रेक्टिफाय झाले की मोठ्या कॅपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी असतो, आणि प्लग काढल्यावरही तो राहू शकतो. आधी मीटरनं मोज. असेल तर रेझिस्टरनं उतरव, स्क्रू ड्रायव्हरनं शॉर्ट करून ठिणग्या काढू नकोस. पहिल्यांदा चालू करताना मेनच्या वायरीत सिरीज दिवा लाव, ६० किंवा १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब. भडक पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, क्षणभर पेटून मंद झाला तर पुढं जा. फ्यूजची काच आतून काळी असेल तर नवा फ्यूज घालून नशीब आजमावू नकोस, आधी ब्रिज (एसीचं डीसी करणारा) आणि मॉस्फेट (स्विचिंग करणारा) तपास. मित्राचा स्कोप आणून प्रायमरी, म्हणजे सप्लायची मेनकडची बाजू, बघायची इच्छा होईल. त्याची ग्राउंड क्लिप अर्थला असते, प्रायमरीत लावलीस तर तोही स्कोप जाईल. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसेल तर प्रायमरीचा नाद सोड. हे सगळं दरडावून लिहितोय कारण या धंद्यात मी माणसं भाजलेली बघितलीत.

विद्यार्थी_टीई :
हो काका. एकटा असताना उघडणार नाही. स्वस्त मीटरवर रिपल दिसेल का?

सात_रस्ता :
काही स्वस्त मीटर एसीवर डीसीही मोजतात, त्यामुळं आकडा खोटा येतो. प्रोबला सिरीजमध्ये ०.१ मायक्रोचा कॅपॅसिटर लाव, डीसी अडेल. फक्त सेकंडरीच्या कमी व्होल्टवर. वेगवान रिपल मीटर पूर्ण पकडत नाही, पण अंदाज येतो.

हुतात्मा_प्रवासी :
मी सोलापूरचा, नोकरी पुण्यात एम्बेडेडमध्ये. सगळे सप्लाय बरोबर असतील तर पुढचं सांगतो. मेन बोर्डावर बहुधा ३-४ पिनांचं हेडर असतं, ग्राउंड, टीएक्स (पाठवणारी), आरएक्स (घेणारी). ३.३ व्होल्टचा यूएसबी-टीटीएल अडॅप्टर जोडा, कॉम्प्युटरवर सेटिंग ११५२०० वेग आणि ८एन१, बऱ्याच बोर्डांना चालतं. जुन्या पीसीच्या आरएस-२३२ पोर्टला थेट जोडू नका, तिथला मायनस व्होल्टेज चिप मारतो. स्कोप काय बोलतोय ते वाचा. एक अक्षरही येत नसेल तर सप्लाय, क्लॉक, रिसेट तपासा. यू-बूट (सुरुवातीचा प्रोग्रॅम) येऊन कर्नलच्या (मुख्य सिस्टिमच्या) चेकसमवर, म्हणजे डेटा शाबूत आहे का त्या तपासणीवर, थांबला तर नँड फ्लॅशमधला डेटा खराब झालाय, आणि यातले कितीतरी बोर्ड वाचतात. मात्र काहीही लिहिण्याआधी फ्लॅशची पूर्ण कॉपी काढा. त्या स्कोपचं कॅलिब्रेशन (माप अचूक करणारे आकडे) अनेकदा तिथंच असतं. ते गेलं की स्कोप चालू होईल, पण त्याच्या आकड्यांवर भरवसा उरणार नाही.

बेंचवाले_काका :
अगदी बरोबर. नव्वदीतल्या काही स्कोपांत हेच कॅलिब्रेशन डीएस१२४५ सारख्या एनव्हीरॅममध्ये (बॅटरीवर डेटा धरून ठेवणाऱ्या चिपमध्ये) असायचं. लिथियम बॅटरी चिपच्या पोटातच बंद, डेटाशीटात किमान १० वर्षं लिहिलेली. त्या चिपांची मुदत आता कधीच उलटून गेलीय. असा स्कोप कोणाकडं चालू असेल तर चालू आहे तोवर कॉपी काढून ठेवा.

जुळे_सोलापूरकर :
माझा स्कोप नाहीच, टीव्ही असाच लोगोवर थांबतो. तेच लागू होतं का?

किनारा_टॉवेल :
सप्लायपर्यंत तेच. पुढचं टीव्हीवाल्याला विचारा. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत बंद पडला होता तोच ना?

जुळे_सोलापूरकर :
तोच. मॅच राहिली.

विद्यार्थी_टीई :
ड्रायरनं गरम केला, पहिल्याच दमात चालू झाला!! आई पण बघायला आली. आता कॅपॅसिटर शोधतोय. नवी पेठेत विचारलं, साधे आहेत म्हणाले, लो ईएसआर नाहीत.

फुफाटा :
साधे घालू नकोस बे. स्विचिंग सप्लायला लो ईएसआर, १०५ डिग्रीचेच. व्होल्टेज तेवढंच किंवा एक पायरी वर.

हुतात्मा_प्रवासी :
शनिवारी घरी येतोय, पुण्यातून घेऊन येतो. प्रत्येकाचे मायक्रोफॅरड, व्होल्टेज, व्यास, उंची आणि पायांतलं अंतर लिहून पाठव. उंची विसरू नकोस, कव्हर बसत नाही मग.

विद्यार्थी_टीई :
१००० मायक्रो १० व्होल्ट तीन, ४७० मायक्रो २५ व्होल्ट दोन. व्यास १० मिमी सगळ्यांचा. उंची पट्टीनं मोजतो आणि टाकतो. दादा, पैसे कसे देऊ?

हुतात्मा_प्रवासी :
आधी उंची टाक.