इजिप्तच्या पुराणकथांवरील डेथ मेटल: गाण्यांतले अस्सल कोणते आणि रचलेले कोणते? (तातडीने मदत हवी आहे)

धंतोलीचा वाचक:
नमस्कार. आमच्या वाचक मंडळात येत्या शनिवारी मला चाळीस मिनिटे बोलायचे आहे. विषय मीच सुचवला होता: प्राचीन इजिप्तच्या पुराणकथा आणि त्यांवरची डेथ मेटल (घशातून गुरगुरत गायल्या जाणाऱ्या जड रॉक प्रकारातली) गाणी. मंडळाचे अध्यक्ष इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांनी माझे टिपण वाचले, पहिल्याच पानावरच्या राजाच्या नावाखाली लाल रेघ ओढली आणि ‘हा राजा कोणत्याही राजावलीत नाही, मग पुढच्या मजकुरावर विश्वास का ठेवावा?’ असा शेरा मारून वही परत केली. बँडच्या गाण्यांमध्ये खरोखरच्या इजिप्शियन ग्रंथांतले काय आहे आणि मागाहून कोणी रचलेले काय आहे, हे ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच कृपया सांगावे. ‘ऐकून बघा’ असे सल्ले नकोत, ऐकूनच इथे आलो आहे.

मध्यरात्रीचा ढोल:
बँड कोणता, अल्बम कोणता आणि तो राजा कोणता, या तिन्ही गोष्टी आपण लिहिलेल्या नाहीत. अध्यक्षांनी कोणत्या नावाखाली रेघ ओढली हे कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

रामटेककर:
मुळात इजिप्तच कशाला? सिंगापूरचा ‘रुद्र’ हा बँड १९९२ पासून वेदान्तावर डेथ मेटल करतो आहे, त्यांचा ‘कुरुक्षेत्र’ २००३ चा आहे आणि त्यात संस्कृत श्लोक आहेत. मुंबईच्या ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ने २०१७ मध्ये ‘दशावतार’ नावाचा अख्खा अल्बम काढला, दहा अवतारांची दहा गाणी. आपल्या रामटेकच्या गडावर वाकाटकांच्या काळातले, पाचव्या शतकातले केवल नृसिंहाचे मंदिर उभे आहे. खांबातून निघून पोट फाडणारा देव घराजवळ असताना नाइलच्या काठी जाण्याचे कारण मला कळत नाही.

धंतोलीचा वाचक:
बँडचे नाव वेगळे सांगावे लागेल असे वाटले नव्हते. इजिप्त आणि डेथ मेटल म्हटल्यावर ‘नाइल’शिवाय दुसरे कोणाचे नाव येते? राजा नेफ्रेन-का. रामटेककर, आपल्या सूचनेबद्दल आभार, पण विषय जाहीर झाला आहे आणि पत्रिका छापून वाटल्या गेल्या आहेत.

पपायरस:
मग अध्यक्षांची रेघ योग्य जागी पडली आहे. नेफ्रेन-का नावाचा कोणी फेरो झाला नाही. हे नाव अमेरिकन भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्टचे आहे. १९२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘दि आउटसायडर’ या त्याच्या कथेच्या शेवटी नाइलकाठच्या एका अज्ञात दरीतली नेफ्रेन-काची भुयारे येतात आणि बँडने १९९८ च्या आपल्या पहिल्या पूर्ण अल्बमचे नाव तिथूनच उचलले आहे. म्हणजे अल्बमच्या मुखपृष्ठावरचे नाव काल्पनिक आहे. मात्र त्यावरून आतले सगळे काल्पनिक ठरवणेही चुकीचे होईल. त्याच अल्बममध्ये ‘ओपनिंग ऑफ द माउथ’ हे गाणे आहे आणि मुख उघडण्याचा विधी पूर्णपणे अस्सल आहे. पुरोहित सुताराच्या वाकसासारखे एक अवजार ममीच्या किंवा मूर्तीच्या ओठांना लावत, म्हणजे मग मृताला परलोकात खाता, बोलता आणि श्वास घेता येई. आपल्या श्रोत्यांना प्राणप्रतिष्ठा ठाऊक असणारच, तिचा नुसता उल्लेख केला तरी विधीचे प्रयोजन त्यांच्या लगेच ध्यानात येईल.

त्याच अल्बमात ‘रॅमसीझ ब्रिंगर ऑफ वॉर’ आहे, तो दुसरा रामसेस, इतिहासातला, ज्याने इ.स.पू. सुमारे १२७४ मध्ये कादेशला हित्तींशी (आजच्या तुर्कस्तानातल्या प्राचीन सत्तेशी) लढाई केली. आपण बाकी कोणकोणते अल्बम घेतले आहेत, ते सांगावे.

सीताबर्डी कॅसेट:
या गोंधळाचे मूळ मोबाइलवर गाणी ऐकण्यात आहे. मूळ सीडी घ्या. कार्ल सँडर्स हा गिटारवादक बहुतेक गीते लिहितो आणि कित्येक अल्बमच्या पुस्तिकेत त्याने प्रत्येक गाण्याखाली, ते कोणत्या ग्रंथावरून, कोणत्या प्रसंगावरून सुचले याची टीप दिलेली आहे. ज्यांनी पुस्तिका हातात धरली नाही, त्यांनी हा बँड अर्धाच ऐकला आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

धंतोलीचा वाचक:
शनिवारपर्यंत सीडी नागपुरात कुठे मिळणार आहे? मी २००२ चा ‘इन देअर डार्कन्ड श्राइन्स’ आणि २००५ चा ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ द विकेड’ घेतले आहेत. पहिल्या अल्बममधून फक्त नाव घेतले होते आणि नेमकी त्यावरच रेघ पडली. आता या दोन अल्बमांमध्येही असेच काही दडले आहे का, एवढेच मला हवे आहे.

खामल्याचा गिटारिस्ट:
हे लोक गिटारीची सर्वांत जाड तार ‘ए’ स्वरापर्यंत खाली उतरवतात, त्याशिवाय तो दगड घासल्यासारखा आवाज निघत नाही. जाड गेजच्या तारा घ्या, नाहीतर त्या ढिल्या पडून लटपटतील. घरी वाजवायचे असेल तर दोन्ही अल्बमांची सुरुवातीची गाणी सोडून मंद लयीची गाणी आधी बसवावीत.

मध्यरात्रीचा ढोल:
गिटारिस्ट महोदय, धागाकर्त्याला व्याख्यान द्यायचे आहे, गिटार वाजवायची नाही. तरी वादनाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, ‘अ‍ॅनिहिलेशन’पासून ड्रमवर ग्रीसचा जॉर्ज कोलियास आहे आणि त्याच्या डबल बासवर (दोन्ही पायांनी वाजवायच्या मोठ्या ड्रमवर) पाच मिनिटे बोलल्याशिवाय हे व्याख्यान पूर्ण होणार नाही. पुराणकथा पुस्तकातही वाचता येतात, तसा ड्रम वाचता येत नाही.

पपायरस:
ड्रमचा मुद्दा मान्य, पण प्रश्न तो नाही. मूळ प्रश्नाकडे येतो.

‘डार्कन्ड श्राइन्स’मधले ‘उनास, स्लेअर ऑफ द गॉड्स’ हे अकरा मिनिटांहून लांबलेले गाणे आपल्या व्याख्यानाचा कणा व्हावे असे मला वाटते, कारण त्याचा आधार निर्विवाद आहे. उनास हा पाचव्या राजवंशाचा शेवटचा राजा, काळ इ.स.पू. सुमारे २३५०. सक्कारा इथल्या त्याच्या पिरॅमिडच्या आतल्या भिंतींवर मंत्रांच्या उभ्या ओळी कोरलेल्या आहेत. फ्रेंच इजिप्त-अभ्यासक गास्तों मास्पेरो याने १८८१ मध्ये तो पिरॅमिड उघडला तेव्हा त्या उजेडात आल्या. पिरॅमिडमध्ये कोरलेले धार्मिक लेखन म्हणून इतके जुने दुसरे काही आपल्याला ठाऊक नाही. त्यातले २७३ आणि २७४ क्रमांकाचे मंत्र ‘नरभक्षक स्तोत्र’ म्हणून ओळखले जातात. आकाश झाकोळते, तारे काळवंडतात आणि मेलेला राजा देवांना धरून आणवतो, त्यांची मान कापवतो, कढईत शिजवतो आणि त्यांची जादू गिळतो. मोठे देव सकाळच्या जेवणाला, मधले संध्याकाळी आणि लहान रात्री, अशी वाटणीसुद्धा मूळ मंत्रातच आहे, बँडने त्यात तिखटमीठ घातलेले नाही. हे स्तोत्र उनासनंतर तेती या राजाच्या पिरॅमिडमध्ये आढळते, पुढच्या पिरॅमिडांमधून ते वगळले गेले.

त्याच अल्बममधले ‘एक्झेक्रेशन टेक्स्ट’ही साधार आहे. शत्रूंची नावे मडक्यांवर किंवा हात मागे बांधलेल्या मातीच्या बाहुल्यांवर लिहायची आणि मग ती मडकी, त्या बाहुल्या फोडून पुरायच्या, अशी राजसत्तेची रीत होती. इजिप्तच्या दक्षिणेकडच्या न्यूबियातल्या मिर्गिसा किल्ल्याजवळ असे अवशेष प्रत्यक्ष सापडले आहेत.

‘अ‍ॅनिहिलेशन’मध्ये मात्र सावध राहावे. ‘कास्ट डाउन द हेरेटिक’ हे एकट्या आतेनची, म्हणजे सूर्यबिंबाची, उपासना लादणाऱ्या अखेनातेन या राजावर आहे, ‘सॅक्रिफाइस अन्टू सेबेक’ मगरमुख्या सोबेक देवावर आणि ‘यूझर-मात-रे’ पुन्हा दुसऱ्या रामसेसवर, ही तिन्ही पक्की आहेत. पण त्याच अल्बमात जर्मन नावाचे एक गाणे आहे, ‘फोन उनाउसश्प्रेखलिखेन कुल्टेन’. ते ज्या ग्रंथावर आहे तो ग्रंथच अस्तित्वात नाही. रॉबर्ट ई. हॉवर्ड याने तो आपल्या कथांसाठी रचला आणि लव्हक्राफ्टच्या मित्रमंडळींनी आपापल्या कथांत फिरवला. अध्यक्षांची दुसरी लाल रेघ तिथे पडेल.

इतिहासवाली:
मी शाळेत इतिहास शिकवते, मेटल ऐकत नाही, पण इथे एक आक्षेप नोंदवणे मला आवश्यक वाटते. या बँडची बरीचशी सामग्री ब्रिटिश म्युझियमच्या वॉलिस बज यांच्या जुन्या भाषांतरांवर उभी आहे. बज यांचे ‘मृतांचे पुस्तक’ १८९५ चे आहे आणि आजचे अभ्यासक त्यावर विसंबत नाहीत. पिरॅमिड मंत्रांसाठी फॉकनर यांचे १९६९ चे किंवा जेम्स अ‍ॅलन यांचे २००५ चे भाषांतर पाहावे. बज वाचून व्याख्यान देणे म्हणजे अध्यक्षांच्या हाती आणखी एक पेन्सिल देणे आहे.

पपायरस:
ताई, आपण दोन वेगळे प्रश्न एकत्र केले आहेत. इजिप्तचा धर्म कसा होता हे पाहायचे असेल तर अ‍ॅलन, यात वाद नाही. पण गीतकाराने काय वाचून लिहिले हे पाहायचे असेल तर बजच वाचावा लागेल, कारण गाण्यांतली देवांची नावे आणि शब्दांची वळणे त्याच्याच पुस्तकांतली आहेत. गाणे नव्या भाषांतराशी ताडून पाहिले तर बँडने मनाचे घातले असे उगाचच वाटेल, जेव्हा दोष असला तर तो शंभर वर्षांपूर्वीच्या भाषांतरकाराचा आहे.

इतिहासवाली:
हा भेद श्रोत्यांसमोर स्पष्ट सांगितला तर माझा आक्षेप राहणार नाही. परंतु तो सांगितला जाईल याची मला खात्री नाही, कारण मूळ टिपणात लव्हक्राफ्टचा राजा बिनदिक्कत इतिहासात येऊन बसला होता.

धंतोलीचा वाचक:
टिपणाचा विषय आता सोडावा, ते टिपण मी फाडून टाकले आहे. मला एवढेच सांगा की लव्हक्राफ्टची सगळी गाणी वगळून फक्त अस्सल घ्यावीत का?

सीताबर्डी कॅसेट:
वगळू नका. सँडर्सला दोन्ही सारखेच प्रिय आहेत आणि एकाच अल्बमवर ते शेजारी शेजारी बसतात, हाच या बँडचा स्वभाव आहे. नुसते अस्सल वेगळे काढून ठेवले तर बँड बाजूला राहील आणि संग्रहालयाची माहितीपत्रिका उरेल. शिवाय सगळे इजिप्तही नाही, पहिल्या अल्बमवर मेसोपोटेमियातल्या ‘मक्लू’ या करणीविरोधी मंत्रसंग्रहाचे नाव आले आहे आणि २००९ च्या ‘दोज हूम द गॉड्स डिटेस्ट’वर तर हित्तींचे एक गाणे आहे.

रामटेककर:
मेसोपोटेमिया चालतो, हित्ती चालतात, मग दशावतार का चालू नये? दहा मिनिटे तुलनेसाठी द्यावीत एवढीच माझी विनंती आहे.

इतिहासवाली:
‘दशावतार’मध्ये नववे गाणे बुद्धावर आहे. हे व्याख्यान नागपुरात होणार आहे आणि १९५६ मध्ये दीक्षाभूमीवर घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये बुद्ध हा विष्णूचा अवतार नव्हे, ही एक प्रतिज्ञा आहे. तो अल्बम जरूर घ्यावा, पण या मुद्द्यावर काय बोलायचे हे ठरवून घ्यावे, कारण प्रश्न येणारच आणि तो यायलाही हवा. दहा मिनिटांत तो आटोपणार नाही.

रामटेककर:
हा मुद्दा माझ्या ध्यानात होता. म्हणूनच मी फक्त नृसिंहाचे नाव घेतले होते.

मध्यरात्रीचा ढोल:
व्याख्यानात गाणी वाजवणार आहात का? वाचक मंडळ म्हणजे श्रोते बहुतेक साठीच्या पुढचे असणार. हॉलचा ध्वनिक्षेपक भाषणासाठीचा असेल तर कोलियासचे ड्रम त्यातून पत्र्यावर गारा पडल्यासारखे ऐकू येतील.

सीताबर्डी कॅसेट:
सुरुवातीला सँडर्सचा २००४ चा एकट्याचा अल्बम ‘सॉरियन मेडिटेशन’ लावा. त्यात साझसारखी तंतुवाद्ये आहेत आणि किंचाळणे जवळपास नाहीच. लोक खुर्चीवर टिकले की मग उनासची पहिली तीन मिनिटे ऐकवा, गीताचे शब्द छापून हातात द्या, कारण गळ्यातून काय निघते आहे ते मलाही पुस्तिकेशिवाय कळत नाही.

धंतोलीचा वाचक:
ठरले. सुरुवात नेफ्रेन-कापासूनच करतो आणि तो कोणी रचला हे पहिल्याच वाक्यात सांगतो, म्हणजे अध्यक्षांना रेघ ओढायला जागा उरणार नाही. त्यानंतर मुख उघडण्याचा विधी, मग उनास, आणि शेवटी ‘अ‍ॅनिहिलेशन’मधले एक खरे आणि एक रचलेले गाणे शेजारी ठेवून श्रोत्यांनाच ओळखायला सांगतो. पपायरस, २७३-२७४ या मंत्रांचे मराठी भाषांतर कोणाकडे असल्यास ते मला आजच हवे आहे.

पपायरस:
मराठी माझ्याकडे नाही. फॉकनरच्या इंग्रजीवरून पहिल्या दहा-बारा ओळी रात्री करून देतो, परंतु खाली ‘इंग्रजीवरून’ असे अवश्य लिहावे.

वर्धा रोड:
फक्त शीर्षक वाचून लिहीत आहे. इजिप्तची ममी पाहायची असेल तर तिकडे जाण्याची गरज नाही, हैदराबादच्या राज्य संग्रहालयात एक आहे आणि नागपूरहून रेल्वेने सहज जाता येते. सोमवारी संग्रहालय उघडे असते का, हे कोणी सांगू शकेल का?