बेटाला रस्ता मिळाला, पुढे काय झालं? (अनुभव धागा)

मुंबई बेटातून साष्टीकडे (आताच्या वांद्र्याच्या बाजूला) जायचं तर एके काळी माहीमच्या खाडीत होडीशिवाय इलाज नव्हता. होड्या उलटायच्या, माणसं बुडायची. 1845 मध्ये तिथे कॉजवे झाला तो लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी दिलेल्या 1,57,000 रुपयांतून, आणि या रस्त्यावर टोल घ्यायचा नाही ही त्यांची अट होती. मला ही अट फार मोलाची वाटते. 12 जानेवारी 2024 ला मुंबई आणि नवी मुंबई जोडणाऱ्या अटल सेतूचं उद्घाटन झालं. शिवडी ते न्हावा-शेवा, 21.8 किमी, त्यातले 16.5 किमी समुद्रावर. बांधणाऱ्यांचा अभिमान वाटावा असंच काम आहे. गाडीतून जाणाऱ्यांचे अनुभव आपण भरपूर वाचले, आता मला ऐकायचंय गाडी नसलेल्यांचं. बेट कुठलंही असो, रस्ता आल्यावर तुमच्या पदरात काय पडलं ते सविस्तर लिहा.

उरणहून

माझं माहेर मोऱ्याजवळ. आईचे उपचार परळला चालू होते, त्यामुळे भाऊचा धक्का ते मोरा हा लाँचचा प्रवास आमच्या पाचवीला पुजलेला. मोऱ्याच्या बंदरात गाळ साचतो, मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही. डॉक्टरांची वेळ सकाळची असली तरी निघायचं कधी ते भरती ठरवणार. आई चप्पल घालण्याआधी विचारायची, "पानी हाय का गो धक्क्याला?" पावसाळ्यात धोक्याचा बावटा लागला की लाँच बंद. मग वाशीवरून वळसा आणि मानखुर्दची कोंडी. केमो घेऊन आलेलं माणूस गाडीच्या खिडकीला डोकं टेकून बसलेलं असायचं आणि समोरची रांग हलायची नाही.

पुलाने आमची रात्रीची भीती घालवली, हे मी कधीच नाकारणार नाही. आईला मध्यरात्री ताप चढला तेव्हा शेजाऱ्यांनी गाडी काढली आणि वळसा न घेता आम्ही थेट शिवडीला उतरलो. तो पूल नसता तर काय झालं असतं, याचा विचारही नको वाटतो.

पण रोजचं जाणं-येणं वेगळं असतं. कारला एका फेरीचे 250, ये-जा 375 रुपये, त्यावर भाड्याच्या गाडीचं भाडं. दुचाकी आणि रिक्षाला तर प्रवेशच नाही. माझा भाऊ मोटरसायकलवर कामाला जातो, तो अजूनही वाशीवरूनच जातो. उलव्यातून पुलावरून मंत्रालयाकडे जाणारी बस सुरू झाली तेव्हा आम्हाला कोण आनंद झाला होता! पण आधी उलव्याला पोचायचं आणि फेऱ्या मोजक्या. पूल सुरू झाला त्याच दिवशी उरणची लोकलही सुरू झाली. आमच्या घराला रोज उपयोगी पडली ती लोकल. नेरूळला गाडी बदलावी लागते, पण आई बसून जाते.

न्हाव्याजवळून

ताईंनी लिहिलंय ते पटलं. माझं थोडक्यात सांगतो. आमच्याकडे पुरुष होडी घेऊन जातात आणि बायका ओहोटीला चिखलात उतरून चिंबोऱ्या, निवट्या, कालवं काढतात. अटल सेतूच्या बांधकामाच्या काळात खाडीत जाण्यावर बंधनं आली. भरपाई मिळाली, पण ज्यांच्याकडे होडीचे कागद होते त्यांना ती मिळवणं सोपं गेलं. माझी काकू जन्मभर पायी मासेमारी करत आली. चिखलात उतरायला परवाना लागत नाही, मग तिने पुरावा आणायचा कुठून? हातावरच्या शिंपल्यांच्या चिरा दाखवून फॉर्म भरता येत नाही. पुढच्या पुलांच्या वेळी या बायकांची नोंद काम सुरू व्हायच्या आधी गावात येऊन करा, एवढीच मागणी आहे.

अंदमानातून

मी मूळचा साताऱ्याचा, नोकरीमुळे काही वर्षं मध्य अंदमानातल्या रंगतला होतो. तिथल्या ग्रेट अंदमान ट्रंक रोडचं काम 1970 च्या दशकात सुरू झालं. पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम) ते डिगलीपूर, वाटेत बेटं आणि सामुद्रधुन्या. गाडी नसणाऱ्याला इथे सरकारी बस असते, आणि ती खरोखर शेवटपर्यंत जाते.

पहाटे काळोखात जिरकाटांगच्या फाटकाशी रांग लागते. ट्रक, बस, पर्यटकांच्या गाड्या, सगळे ठरलेल्या वेळेच्या काफिल्याची वाट बघतात. टपरीवर चहा, पुरी-भाजी. फाटक उघडलं की पोलिसांच्या देखरेखीत एकामागोमाग निघायचं, कारण पुढचा रस्ता जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव जंगलातून जातो. थांबायचं नाही, ओव्हरटेक नाही, फोटो नाही. मिडल स्ट्रेटला रस्ता संपतो आणि आख्खी बस माणसांसकट फेरीबोटीवर चढते. पलीकडे बाराटांग. तिथून पुढे गांधी घाटाला पूर्वी दुसरी फेरी घ्यावी लागे, आता हम्फ्री स्ट्रेटवर आझाद हिंद फौज सेतू झालाय. आमच्या शेजारच्या बाळंतिणीला पोर्ट ब्लेअरच्या रुग्णालयाकडे नेताना फेरीची वाट पाहत किनाऱ्यावर बसणं मी पाहिलं आहे, म्हणून या पुलाचं मोल मला ठाऊक आहे.

तरीही एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. ज्यांच्या जंगलातून रस्ता गेला, त्या जारवांना कोणी विचारलं नव्हतं. 1999 मध्ये जारवांमध्ये गोवराची साथ आली. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राखीव क्षेत्रातला रस्ता बंद करायला सांगितलं, पण वाहतूक चालूच राहिली. मी स्वतः त्याच रस्त्याने पगाराच्या नोकरीला गेलो, त्यामुळे रस्ता उखडून टाका असं म्हणणार नाही. पर्यटकांना समुद्रमार्गे न्यावं आणि रस्ता स्थानिकांच्या बस, रुग्ण, शिधा यांच्यापुरता ठेवावा, हे मला मनापासून वाटतं.

प्रिन्स एडवर्ड आयलंड, कॅनडाहून

इथला कॉन्फेडरेशन पूल 1997 चा, 12.9 किमी. हिवाळ्यात खालची सामुद्रधुनी गोठते. प्रत्येक खांबाला पाण्याच्या पातळीवर शंकूसारखा उतार दिलाय. बर्फाची लादी त्यावर चढते, वाकते आणि स्वतःच्याच वजनाने मोडते.

मी विद्यार्थी, गाडी नाही. पुलावर पायी किंवा सायकलने जाता येत नाही, पण पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी शटल गाडी आहे, सायकलही घेऊन जाते. म्हणजे बंदी घालतानाच पर्याय दिलाय. टोल फक्त बेटावरून बाहेर पडताना लागतो. तो पन्नास डॉलरच्या घरात होता, ऑगस्ट 2025 पासून 20 वर आणला. वारा सुटला की उंच ट्रक अडवले जातात आणि दुकानातल्या भाजीच्या फळ्या रिकाम्या दिसू लागतात. बाकी आमचं उत्तम चाललंय.

रेवसजवळून

मी अलिबाग तालुक्यात परिचारिका आहे. रेवसहून खाडीपलीकडचं करंजा समोर दिसतं, पण रस्त्याने पेण-वडखळचा वळसा. माजी मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांच्या काळापासून आम्ही या पुलाचं नाव ऐकतोय, आता रेवस-रेड्डी सागरी महामार्गात त्याचं काम हाती घेतलंय. आज आम्ही तरीतून, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीतून जातो. तरीत माझी स्कूटरही चढते, दोघे जण धरून फळीवरून आत घेतात. वरचे अनुभव वाचून धास्ती वाटली. पूल झाला, दुचाकीला बंदी आली आणि प्रवासी घटले म्हणून ही होडीही बंद पडली, तर मी रात्रपाळीला जायचं कसं?

म्हणून ग्रामसभेत तीन प्रश्न लेखी दिलेत: पुलावर दुचाकी जाणार का, एसटीच्या किती फेऱ्या सुटणार आणि तरीची होडी चालू राहणार का. करंजाच्या बाजूचं कोणी हे वाचत असेल तर तुमच्या ग्रामसभेतही हेच प्रश्न द्या. मला उत्तर आलं की इथेच लिहीन.