परदेशातला पहिला मुक्काम, नातलगांच्या घरी : तुमचे अनुभव लिहा

नदीकाठ
भाचा पुढच्या आठवड्यात निघतोय. वय २२, पहिल्यांदाच देशाबाहेर. लंडनला उतरून पुढे पाच आठवडे युरोप. काल बहिणीकडे त्याच्या बॅगेचं वजन करत बसलो होतो. मी म्हटलं, अरे लंडनला माझी काकू आहे, सुरुवातीला दोन दिवस तिच्याकडे राहा. तर म्हणतो, "नको गं मावशी, उगाच त्यांना त्रास. हॉस्टेल बुक केलंय."

त्यावरून रात्रभर १९८५ डोळ्यांसमोर.

मी २१ वर्षांची. एप्रिल महिना. पॅरिसला मैत्रीण भेटणार होती, पुढे युरेलचा, म्हणजे युरोपभर रेल्वेने फिरायचा, २६ वर्षांखालच्यांचा पास. त्याआधी १० दिवस काकाकडे. तेव्हा आपल्याला इंग्लंडचा व्हिसा आधी काढावा लागत नसे, तो नियम १९८६ मध्ये आला. हीथ्रोच्या काउंटरवर साहेब जे विचारेल ते विचारेल. मी काकाचं पत्र पुढे केलं, त्याने ते दोनदा वाचलं आणि शिक्का मारला. बाहेर काका स्वेटर घेऊन उभा. ट्यूबने, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेने, ॲक्टन टाऊनला गाडी बदलून ॲल्पर्टन. वर भाड्याच्या दोन खोल्या. जिन्यात विजेचं मीटर, त्यात ५० पेन्सचं सात कडांचं नाणं टाकलं की वीज सुरू. काकूने त्या नाण्यांची हॉर्लिक्सची बाटली भरून ठेवली होती.

काकू नर्स, रात्रपाळी. मला म्हणाली, तू माझ्या पलंगावर झोप, मी काय रात्री घरी नसतेच. मी झोपले. काका बाहेर सोफ्यावर. सुट्टीवर आलेली मी, मस्त १० पर्यंत झोपायचे.

चौथ्या दिवशी पाणी प्यायला साडेआठला उठले. स्वयंपाकघरात काकू खुर्चीत बसलेली. अंगात ओव्हरकोट, आत युनिफॉर्म, पायात बूटसुद्धा तसेच. दोन्ही हात चहाच्या मगभोवती आणि डोळे मिटलेले. मगातल्या चहावर साय धरली होती. हीटर बंद. म्हटलं, काकू, हीटर का नाही लावलास? "एकटीसाठी कशाला गं." मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घरात पलंग एकच. रात्रभर उभी राहून आलेली बाई रोज माझी झोप पुरी व्हायची वाट बघत थंडीत बसून राहत होती. आणि मी उठल्यावर वर तीच विचारायची, "झोप लागली का नीट?"

पाचव्या दिवसापासून मी ७ ला उठून पलंग आवरून, गरम पाण्याची पिशवी पांघरुणात ठेवायला लागले. त्यावर ती काही बोलली नाही, मीही नाही.

तुम्ही असे पहिल्यांदा कुणाकडे उतरलात? कोणी काय केलं तुमच्यासाठी? लिहा, दोन ओळी असल्या तरी चालतील.

वाफाळता चहा
काकूंचा ओव्हरकोट वाचून गलबललं. संध्याकाळी लिहिते, आत्ता डबे भरतेय.

सांगलीकर आजोबा
१९७४. सरकार खिशात फक्त ८ डॉलर नेऊ द्यायचं. आठच. आजच्या मुलांना खरं वाटत नाही. त्यामुळे नातेवाईक हीच बँक. मामा फ्रँकफुर्टजवळ कारखान्यात होता, स्टेशनवरच १०० मार्कांची नोट हातात ठेवली आणि म्हणाला, परत देऊ नकोस, सांगलीला माझ्या आईला दरमहा २५ रुपये देत जा. नोकरी लागल्यापासून आजी जाईपर्यंत दिले. हिशेब कधीच फिटला होता पण पहिल्या तारखेला आजी ओट्यावर बसून वाट बघायची, बंद कसे करणार?

नदीकाठ
आजोबा 🙏

गोडामसाला
माझं आंब्यांचं. २००५ मे, नुअर्क विमानतळ, न्यू जर्सीला आत्याकडे ४ दिवस आणि मग पुढे कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर ग्रँड कॅनियन वगैरे. आजीने आत्यासाठी देवगडचे सहा हापूस दिलेले, एकेक फळ वर्तमानपत्रात गुंडाळून कापडी पिशवीत. मला माहीतच नाही की भारतातला आंबा अमेरिकेत चालत नाही. कस्टमच्या बाईंनी विचारलं फळं आहेत का, मी खरं सांगितलं. सहाच्या सहा गेले. ओरडल्या नाहीत, खरं सांगितलं म्हणून दंडही नाही. पण मी बाहेर येऊन आत्याच्या गळ्यात पडून रडले.

आत्या म्हणाली, पिशवी आहे ना? पिशवी आणलीस ना? गाडीत बसल्यावर काकांना म्हणाली दोन मिनिटं थांबा. आणि ती रिकामी पिशवी तोंडाशी धरून नुसता वास घेत राहिली. ११ वर्षांत ती आंब्याच्या दिवसांत घरी आली नव्हती, मुलांच्या शाळा जूनमध्ये संपतात म्हणून.

२००७ ला अमेरिकेने आपल्या आंब्याला दार उघडलं, लासलगावला विकिरण करून पाठवायला लागले. त्या वर्षी आत्याने पहिली पेटी घेऊन फोन केला. म्हणे, आईच्या पिशवीची सर नाही.

पाटपाणी
बाकी आत्यांनी काय काय आणायला सांगितलेलं? माझ्या नणंदेची यादी कायम ठरलेली : भाजणी, मेतकूट, कुकरचं गॅस्केट, शिट्टी. गॅस्केट तर हमखास.

गोडामसाला
हो हो गॅस्केट!! आणि पोळपाट. पोळपाट हँडबॅगेत टाकून नेला मी.

रेल्वेवेडा
विषय थोडा बाजूला पण युरेलवरून सांगतो. नदीकाठ, तुमच्या वेळी प्रत्येक देशाचा व्हिसा वेगळा असणार. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच व्हिसा, प्रत्यक्ष सुरू झालं मार्च १९९५ पासून. भाच्याला सांगा, इंग्लंड शेंगेनमध्ये नाही, दोन व्हिसे वेगळे लागतात. झाले असतीलच म्हणा. आणि फ्रान्स, इटलीच्या वेगवान गाड्यांना पास असला तरी आरक्षणाचे पैसे वेगळे, तेही लवकर संपतं. लंडन–पॅरिस युरोस्टारलाही तेच.

नदीकाठ
दोन्ही व्हिसे झालेत. आरक्षणाचं विचारते, धन्यवाद.

कोकणकडा
आमचं जरा वेगळं, आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मूळ गाव अलिबागजवळ, राहायला ठाणे. १९९९ ला मी २० वर्षांचा, एकटा तीन आठवडे इस्रायल फिरायला. पहिला मुक्काम दिमोनाला मावशीकडे. दक्षिणेला वाळवंटातलं गाव, आपली माणसं तिथे पुष्कळ.

गुरुवारी पोचलो. माझा बेत काय, तर शनिवारी सकाळी बस पकडून जेरुसलेम. मावशी म्हणाली "जा हो, बस येऊन थांबली असेल तुझ्यासाठी." मी खरंच पिशवी भरली! शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी रात्रीपर्यंत शब्बाथ, बस नाही, दुकान नाही. शब्बाथ ठाण्यालाही पाळायचो, पण बाहेर रिक्षा, ट्रेन, भाजीवाला सगळं चालू. सगळं गाव एकदम गप्प होतं हे तिथे पहिल्यांदा ऐकलं. हो, ऐकलं असंच म्हणतो. तुमच्या घरातल्या पंख्याचा आवाज रस्त्यावर ऐकू येईल इतकं.

मग काय, दोन दिवस मावशीच्या घरात. शुक्रवारी दुपारीच जेवण करून विजेच्या तव्यावर ठेवलेलं, शनिवारी विस्तव नाही. मावसभाऊ आपसात हिब्रू बोलायचे, मावशी त्यांना मराठीत ओरडायची, ते हिब्रूत उत्तर द्यायचे. टीपॉयवर 'मायबोली' नावाचा तिकडेच निघणारा मराठी अंक. काकांनी मला शेजारच्या चार घरांत नेलं, प्रत्येक घरात पहिला प्रश्न, "गाव कुठलं?" आडनावातच गाव असतं आमच्या, तरी विचारायचे. एका आजोबांनी विचारलं, रेवदंड्याच्या खाडीवर अजून होडी लागते का? मी ठाण्याचा, मला काय माहीत. तरी हो म्हणालो.

निघायच्या आदल्या दिवशी माझ्या प्रवासासाठी मलिदा केला. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, सुकामेवा, वर फळं, एलियाहू हनाबीचं (आमचे प्रेषित) नाव घेऊन. तोच वास, तेच ताट, घरी आईने निघताना केला होता तोच. पुढचे अडीच आठवडे मी जेरुसलेम, हैफा, एलात सगळं पाहिलं. सगळ्यात जास्त लक्षात काय राहिलं विचाराल तर ते दोन दिवस.

आणि हो, परत आल्यावर रेवदंड्याला गेलो. मुद्दाम. खाडीवर जाऊन उभा राहिलो आणि जे दिसलं ते सगळं पत्रात आजोबांना लिहून पाठवलं.

वाफाळता चहा
वा! अलिबागकडचे आहोत आम्ही पण, तुमचं गाव कुठलं? (बघा मीही तेच विचारलं)

कोकणकडा
नवगावच्या बाजूला 🙂 आमचे पूर्वज नवगावला किनाऱ्याला लागले असं मानतात, तिथे स्मारक आहे.

वाफाळता चहा
अगं बाई, माझं माहेर थळ! शेजारीच की. व्यनि (खाजगी निरोप) करते.

खाडीकाठचा
दुबई. २००३. मामा बर दुबईत, सुट्टी फक्त शुक्रवार. मी शनिवारी पोचलो. सहा दिवस एकटाच अब्रात, म्हणजे खाडी ओलांडायच्या होडीत, बसून देरा ते बर दुबई. मामा रात्री ९ ला यायचा, पायातले मोजे काढताना विचारायचा आज काय बघितलंस. मी सांगायचो. १४ वर्षं तिथे असून त्यातली निम्मी ठिकाणं त्याने बघितलेली नव्हती हे मला शुक्रवारी कळलं, आम्ही बरोबर गेलो तेव्हा. मी त्याला दाखवत होतो.

मु. पो. फ्रीमाँट
यजमानाच्या बाजूने लिहू का? राग मानू नका. मनापासून सांगते, पाहुणे आवडतात. पोरं आली की घर जागं होतं. दर उन्हाळ्यात आमच्याकडे कोणी ना कोणी असतंच. पण आम्हा दोघांची सुट्टी मोजून १५ दिवस, त्यातच आजारपण आणि भारतवारी. "तुम्ही काही करू नका, आम्ही आपले फिरू" म्हणतात आणि इथे अमेरिकेत गाडीशिवाय फिरता येत नाही. २५ वर्षांखाली असाल तर भाड्याच्या गाडीला रोजचे जास्तीचे पैसे पडतात, आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या आरटीओतून काढून आणावा लागतो. हे निघण्याआधी बघा, इथे येऊन नाही.

प्रवासाचा विमा काढाच काढा. पुतणी विम्याशिवाय आली, योसेमिटीला पाय मुरगळला, तातडीच्या विभागात एक्सरे आणि पट्टी एवढंच झालं. ते बिल आम्ही हप्त्यांनी फेडलं. तिच्या आईवडिलांना आजही आकडा सांगितलेला नाही, सांगणारही नाही. पोर आमचीच आहे.

आणि एक सांगू? नदीकाठ, तुम्ही गरम पाण्याची पिशवी ठेवलीत ना, ते वाचून मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. कोणीतरी बघतं एवढं पुरतं हो.

नदीकाठ
राग कसला. बरं झालं लिहिलंत. हे भाच्याला वाचायला देणार आहे.

पाटपाणी
+१. यजमानांनी अजून लिहा.

टोकियोची धाकटी
ताई टोकियोत निशी-कसाईला, तिथे आपली पुष्कळ माणसं. २०१८ ला गेले तर ताईने पहिला धडा दिला कचऱ्याचा. जळणारा, न जळणारा, बाटल्या, कागद, प्रत्येकाचा वार वेगळा. मी चिवड्याची पिशवी चुकीच्या दिवशी ठेवली, ती जशीच्या तशी दारात परत, वर सूचनेची चिठ्ठी चिकटवलेली. ताई शेजारच्या आजींकडे जाऊन वाकून माफी मागून आली. मला खूप वाईट वाटलं. ती म्हणे, तू जाशील चार दिवसांनी, मला इथे राहायचंय. रागाने नाही म्हणाली, नुसतं सांगितलं. तेव्हा कळलं की तिला तिथे घर करायला किती सांभाळून वागावं लागलं असेल.

जेआर पास (जपानच्या रेल्वेचा) कोणी घेणार असेल तर आकडे बघून घ्या, ऑक्टोबर २०२३ ला ७ दिवसांचा २९,६५० येनचा थेट ५०,००० झाला. आता सगळ्यांना परवडेलच असं नाही.

रेल्वेवेडा
बरोबर. टोकियो–क्योटो जाऊन येऊन करायचं असेल तर सुटं तिकीट स्वस्त.

मडगावची
चुलतभाऊ स्विंडनला, गोदामात कामाला. आमचे गोंयकार तिथे बरेच, पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेले. मी पोचले त्या दिवशी त्याने पाळी बदलून घेतली. सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किस्मूर केली, खोबरं पाकिटातलं, तरी केली. पुढे महिनाभर काय काय खाल्लं ते आठवत नाही, किस्मूर आठवते.

वाफाळता चहा
माझं लिहायचं राहिलं. आमचं परदेशात कोणीच नव्हतं, नवऱ्याच्या मित्राचे चुलते सिंगापूरला. नातं म्हणाल तर काहीच नाही. २४ ची होते, ऑस्ट्रेलियाला शिकायला जाताना मध्ये दोन दिवस. काकांनी चांगी विमानतळावर नाव लिहिलेला पुठ्ठा धरला होता, देवनागरीत. एवढ्या गर्दीत ती एकच पाटी वाचता येणारी वाटली. बाकी उद्या, कुकर झाला.

नदीकाठ
तुम्हा सगळ्यांचं वाचून आज लंडनला फोन लावला. काकू आता ७८ ची, काका गेल्याला सहा वर्षं झाली, ती रेनर्स लेनला एकटी राहते. सगळं सांगितलं. ओव्हरकोटचं तिला काही आठवतच नाही. म्हणाली, "तू तेव्हा किती वाळली होतीस, एवढं आठवतं." भाचा येईल का विचारलं तर तिचे प्रश्न सुरू, विमान कितीला, वांगं खातो का, आणि "त्याला सांग, ॲक्टन टाऊनला गाडी बदलायची. झोपला तर पुढे जाईल."

भाच्याने हॉस्टेलचे पहिले तीन दिवस रद्द केले. मी काही बोलले नाही, धागा वाचून त्याचा त्यानेच. आता बॅग परत उघडलीय. काकूला काय आणू विचारलं तर नको नको म्हणत शेवटी कुकरचं गॅस्केट, पाच लिटरचं.

पाटपाणी
बघा!!! मी म्हटलं नव्हतं? झाकण आतून बसणारं की बाहेरून ते विचारून घ्या आधी, दोन्हींची गॅस्केटं वेगळी असतात.

नदीकाठ
अरे देवा, परत लावते फोन.