पैठणीच्या फोटोवरून रंग काढायला कुठलं टूल बरं?

सुईदोरा:
माझी मावशी येवल्याची, घरातच दोन माग. तिची गिऱ्हाईकं सगळी फोनवरची. "पीडीएफ पाठवा ना" म्हणणाऱ्यांसाठी १२ पानांचा कॅटलॉग करून देते, असं दिवाळीत कबूल करून बसले. प्रदर्शनासाठी त्याच्या १०० प्रती छापायच्याही आहेत. मला इंकस्केप (चित्रं-डिझाइन करायचं फुकट सॉफ्टवेअर) बऱ्यापैकी येतं. लॅपटॉप जुना आहे, त्यावर लिनक्स मिंट.

डोक्यात असं होतं की प्रत्येक पानाचे रंग त्या साडीतूनच घ्यायचे. कूलर्सवर (फोटोतून रंग काढून देणारी साइट) मोरपंखी धूपछावचा फोटो टाकला, पाच रंग आले. मावशीला दाखवले तर म्हणते, "हौदात शेवाळं धरलंय का गं?" जरीचं तर विचारूच नका, सोन्याच्या जागी भिजलेल्या पुठ्ठ्याचा रंग. अ‍ॅडोबी कलरवर तोच फोटो टाकला. तिथे जरा उजळ आले, पण मोरपंखी काही सापडला नाही. पैसे भरून एखादं सॉफ्टवेअर घेतलं तर याहून बरे रंग निघतात का, की माझंच काही चुकतंय?

जुना_डीटीपीवाला:
ताई, एक रुपया भरू नका. धूपछावात उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या. कापड हललं की डोळ्याला कधी हा दिसतो, कधी तो, त्यालाच आपण मोरपंखी म्हणतो. फोनच्या फोटोत ते धागे एकाच पिक्सेलमध्ये कालवले जातात आणि बिचारं टूल त्या कालवणातून रंग उचलतं. तुम्हाला हवा तो रंग त्या फोटोत नाहीच, तर टूल कुठून देणार?

जरीचंही तेच. तिचा प्रकाश पडलेला भाग जवळजवळ पांढरा असतो, सावलीतला काळपट तपकिरी. सोनं या दोघांच्या मध्ये कुठेतरी डोळा बनवतो.

मी काय करतो ते सांगतो. फोटो सावलीत काढायचा, कडेला पांढरा कागद ठेवून. गिंपमध्ये (फोटो सुधारायचं फुकट सॉफ्टवेअर) लेव्हल्सच्या पांढऱ्या ड्रॉपरने त्या कागदावर टिचकी मारली की पिवळट झाक जाते. मग जरीचा भाग सोडून फक्त साडीच्या अंगाचा तुकडा सिलेक्ट करायचा आणि पॅलेट इंपोर्टमध्ये "फक्त निवडलेले पिक्सेल" ही खूण करून रंग आठ-दहाच मागायचे. तयार होणारी जीपीएल फाइल (गिंपची रंगांची यादी) इंकस्केपच्या पॅलेट फोल्डरमध्ये टाकली की खालच्या पट्टीत येते. ती साधी टेक्स्ट फाइल असते, रंगाच्या प्रत्येक ओळीत लाल-हिरव्या-निळ्याचे तीन आकडे आणि पुढे रंगाचं नाव. नावं मराठीत लिहा, काही बिघडत नाही.

शाईचे_डाग:
वरचं सगळं खरं, पण १०० प्रती छापणार म्हणालात म्हणून पोटात गोळा आला. मीही एकदा ५०० लग्नपत्रिकांवर राणी कलर घातला होता. स्क्रीनवर झगझगीत, छापून आला तो सुकलेल्या जास्वंदीसारखा. स्क्रीन प्रकाशाने रंग दाखवते, छपाई चार शायांनी. राणी, पोपटी, मोरपंखी असे भडक रंग त्या शायांच्या आवाक्याबाहेर जातात. इंकस्केपची पीडीएफ आरजीबी (स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशातली) असते, तेव्हा छापायची पानं स्क्रायबसमध्ये (पानं मांडायचं फुकट सॉफ्टवेअर) लावा आणि तिथे प्रेसने दिलेलं कलर प्रोफाइल (शायांना जमणाऱ्या रंगांची फाइल) जोडा. आणि १०० प्रतींआधी एक प्रत काढून घ्या. प्रेसवाला कुरकुर करेल, करू दे.

चष्मा_नंबर_पाच:
एकच विनंती: किंमत जरीच्या रंगात लिहू नका! पांढऱ्यावर सोनेरी (समजा आरजीबी २०१, १६२, ३९) अक्षरांचा कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि कागद यांच्या उजळपणाचं गुणोत्तर) २.४ च्या आसपास येतो, साध्या मजकुराला निदान ४.५ लागतो. अ‍ॅडोबी कलरच्याच साइटवर कॉन्ट्रास्ट तपासता येतो, फुकट. सोनं रेघांना आणि बुट्ट्यांना राहू दे, अक्षरं वांगी किंवा काळी घ्या. साड्या घेणाऱ्या निम्म्या बायका माझ्या वयाच्या असतात हो.

सुईदोरा:
आज मावशीकडे जाऊन आले. डीटीपीवाले दादा, तुमचं ऐकून अंगाचा तुकडा निवडला, शेवाळं बरंच कमी झालं. पण खरी गंमत पुढेच. मावशी म्हणाली, "धागेच हवेत तर फोटो कशाला काढतेस?" पदराच्या टोकाला ज्या दशा सुटतात ते नुसते उभे धागे, म्हणजे हिरवा. आडव्या निळ्याची तिने मागावरची कांडीच (धागा गुंडाळलेली नळी) काढून हातात दिली. दोन्ही पांढऱ्या कागदावर ठेवून खिडकीशी फोटो काढला आणि ड्रॉपरने एकेक रंग उचलला. आता पानाची पार्श्वभूमी निळी, त्यावर हिरव्या बारीक तिरक्या रेघा. लांबून पाहिलं की चक्क मोरपंखी दिसतो! जरीसाठी एक रंग ठरवलाच नाही, फिक्या पिवळ्यापासून तपकिरीपर्यंत ग्रेडियंट टाकला.

किंमती वांग्यात लिहिल्या आहेत. प्रेसला एका प्रतीचं विचारलं, कुरकुर झालीच.

फाइलमधली नावं मावशीला वाचून दाखवली तर तिने सातातली तीन खोडली. ज्याला मी राणी लिहिलं होतं तो म्हणे कुसुंबी. आता बाकीच्या नऊ साड्यांच्या दशा शोधत बसले आहे, त्यातल्या दोघींना पदराला गोंडे बांधून झालेत. तिथे काय करू?

जुना_डीटीपीवाला:
गोंडा बहुतेक त्याच दशांचा वळलेला असतो. आतून एक धागा ओढून बघा, पण मावशींना विचारून.