जिप्सीत बसून वाघ की पायी चालून जंगल? चितवन करून आल्यावर पडलेला प्रश्न

पायवाट
नमस्कार मंडळी, होळीच्या सुमारास नेपाळ करून आलो. एव्हरेस्ट बेस कँपवाला नेपाळ नाही, खालचा तराईतला, चितवन आणि बर्दिया ही राष्ट्रीय उद्यानं, आणि रजा उरली होती म्हणून शेवटी लांगटांगला क्यांजिन गोम्पापर्यंत चालत. लांगटांगबद्दल कधीतरी वेगळं लिहीन, तिथे डोंगर एवढे अंगावर येतात की प्राणीबिणी विसरायला होतं. आत्ता प्रश्न चितवनचा आहे.

तिथे जंगलात चक्क पायी जाता येतं. म्हणजे बफरमधला (राखीव जंगलाभोवतीच्या पट्ट्यातला) अर्ध्या किलोमीटरचा नेचर ट्रेल आणि शेवटी सेल्फी पॉइंट असलं नाही, गेंडे, अस्वलं, वाघ ज्यात आहेत त्याच जंगलात. पार्कच्या काठावरच्या सौराहा गावातून सकाळी राप्ती नदीत एका खोडातून कोरलेल्या होडीत बसायचं (काठावर मगरी पसरलेल्या असतात, आम्हाला घडियालपण दिसली), पलीकडे उतरायचं आणि चालायला लागायचं. लायसनवाले दोन गाइड, एक पुढे एक मागे, बंदूक नाही, हातात फक्त काठी. निघताना सांगतात की गेंडा अंगावर आला तर नागमोडी पळा नाहीतर झाड गाठा, अस्वल आलं तर सगळे एका जागी गोळा व्हा, वाघ दिसला तर पळायचं नाही, नजर न काढता हळूहळू मागे सरकायचं. ऐकताना सगळे हसतात, डोक्यापेक्षा उंच गवतात शिरलो की कोणी हसत नाही.

वाघ नाही दिसला. गेंडे दिसले, पण त्याहून भारी बाकीचं वाटलं. गेंडा ठरलेल्या जागी येऊन शेण टाकतो तो ढीग, अस्वलाने उकरलेलं वारूळ, साल वृक्षाच्या खोडावर नखांचे ओरखडे, चितळाचा धोक्याचा कॉल आला की गाइड थांबतो आणि मग आपला श्वासपण आपल्याला ऐकू यायला लागतो. ताडोब्यात मी वाघ भरपूर पाहिलेत, पण कसे, तर समोरच्या जिप्सीवाल्याने हात केला की धुरळा उडवत तिकडे, गाड्यांची रांग, वाघीण रस्ता ओलांडते, कॅमेरे वाजतात, संपलं, चला नाश्त्याला. त्यात जंगल कुठे पाहिलं आपण?

तर मला म्हणायचंय की आपल्या सह्याद्रीत, कोयना-चांदोलीकडे, असं पायी का नको? दिवसाला मोजकी माणसं, गावातलेच ट्रेन केलेले गाइड. बोला.

शेकरू_खांडस
अहो पायवाट, आपण ऑलरेडी चालतोय की अभयारण्यात, फक्त कोणाला पत्ता नसतो. भीमाशंकर अभयारण्य आहे. हरिश्चंद्रगड, रतनगड, कळसूबाई हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतं. पुण्यातून दर शनिवारी रात्री बसेस भरून जातात, काय होतं तिथे? ब्लूटूथ स्पीकर, मॅगीची पाकिटं, कोकणकड्यावर रांग लावून फोटो. भंडारदऱ्याला काजव्यांच्या दिवसात जाऊन बघा एकदा, गाड्यांच्या हेडलाइटमध्ये काजवे शोधत असतात लोक, झाडाखाली मोबाइलचा टॉर्च मारून. मी पंधरा-वीस वर्षं खांडसच्या बाजूने गणेश घाटाने वर भीमाशंकरला जातोय, आधी शेकरू सहज दिसायचा, राज्यप्राणी आहे आपला, आता त्या वाटेवर त्याचा आवाजसुद्धा दुर्मिळ झालाय. आणि तुम्ही म्हणताय कोयना-चांदोली पण उघडा. एक जंगल गर्दीपासून वाचलंय ते तरी राहू द्या ना राव.

जिप्सीत निदान माणूस गाडीत बांधलेला असतो. खाली उतरता येत नाही हाच तिचा सगळ्यात मोठा गुण.

सदाशिवपेठी
सहमत. पुणेकराला जंगलात पायी सोडलं तर तो आधी वाघाला बाजूला घ्यायला सांगेल.

चांदा_ते_हिंजवडी
मी चंद्रपूरचा. नोकरीसाठी इकडे आहे म्हणून ही चर्चा वाचून जरा गंमत वाटते अन् जरा रागही येतो. आमच्याकडे लोक जंगलात पायीच जातात बाप्पा. मोहफुलं वेचायला, तेंदूपत्त्याले, सरपणाले. दर उन्हाळ्यात कोणाची तरी बातमी येते. वाकून मोह वेचणारा माणूस वाघाले माणूस दिसत नाही असं जुने लोक सांगतात. २०२१ मध्ये ताडोब्यात वाघांच्या गणनेच्या कामासाठी पायी फिरताना वनरक्षक बाई वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या, त्या ट्रेन्ड होत्या, सोबत माणसं होती, तरी गेल्या. आता तिथेच तुम्ही पैसे देऊन थ्रिल म्हणून फिरणार, आणि काही झालं की वाघ नरभक्षक ठरणार, मग त्याले पकडा नाहीतर मारा. हे सगळं आम्ही पाहून आहो.

आणि चितवन बर्दियामध्ये गाइड मेले नाहीत का? गेंड्याने मारले, वाघाने मारले, ते पण सांगा की धाग्यात. गवतात शिरल्यावर कोणी हसत नाही म्हणता, त्या गाइडच्या घरचे पण हसत नसतील.

पायवाट
@चांदा_ते_हिंजवडी दादा, गाइड गेलेत तिथे, लपवायचं काहीच कारण नाही, आमच्याच गाइडने सांगितलं. पण मी ताडोब्याच्या कोअरमध्ये, म्हणजे आतल्या गाभ्यात, चालायचं म्हणालोच नाहीये. आणि वाघ जास्त म्हणून पायी नको हा नियम लावायचा तर नेपाळने केव्हाच बंद केलं असतं. २०२२ च्या गणनेत चितवनात १२८ वाघ आणि बर्दियात १२५, ताडोब्यात त्याच वर्षी ९७. वर चितवनात सातशेच्या आसपास गेंडे, २०२१ ला ६९४ मोजले होते. नेपाळात २००९ ला सगळे मिळून १२१ वाघ होते, २०२२ ला ३५५ झाले, म्हणजे पायी फिरणाऱ्यांमुळे वाघ संपले असं तरी झालेलं नाही. त्यात मोठा वाटा सैन्याच्या पहाऱ्याचा आहे हे कबूल, पार्कमध्ये जागोजागी त्यांच्या चौक्या आहेत.

अजून एक, पार्कच्या उत्पन्नातला ३० ते ५० टक्के हिस्सा तिथे कायद्याने बफर झोनमधल्या गावांना जातो. तिथल्या स्थानिक थारू लोकांची पोरं गाइड, होडीवाले, होमस्टे चालवणारे. तेंदूपत्त्यासाठी जीव धोक्यात घालण्यापेक्षा ते बरं नाही का?

आणि भारतात कुठेच नाही असंही नाही. पेरियारला थेक्कडीत व्याघ्र प्रकल्पातच पायी नेतात, बांबूच्या तराफ्यावर नेतात, आणि पूर्वी शिकार करणारेच आता गाइड आहेत. मध्य प्रदेशात सातपुड्याला वॉकिंग सफारी आहे. कायद्याचं म्हणाल तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात कलम २८ खाली अभयारण्यात पर्यटनासाठी परवाना देता येतो, तिथे जिप्सीतूनच या असं लिहिलेलं नाही.

बामणोली_रिटर्न्स
कोयना उघडा म्हणताय पण वासोटा विसरलात का सगळे? वासोटा किल्ला कोयना अभयारण्यात आहे, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातच. बामणोलीहून शिवसागरातून लाँच, पलीकडे मेट इंदवलीला वनखात्याची चौकी, तिथे नावं लिहून घेतात, सॅक उघडून प्लास्टिक मोजतात आणि परतताना पुन्हा मोजतात, मुक्कामाला परवानगी नाही, पावसाळ्यात बंद. गेली कित्येक वर्षं चालू आहे आणि हरिश्चंद्रगडासारखा उकिरडा झालेला नाही. शेकरू यांना माझं हेच सांगणं आहे की वाट उघडी आहे म्हणून घाण होत नाही, वाटेवर कोणी विचारणारं नसतं म्हणून होते. कोकणकड्यावर कोण मोजतं तुमची पाकिटं?

फक्त वासोट्याला गाइड मात्र असतोच असं नाही, लोक सुसाट वर चढतात, माथ्यावर फोटो, सुसाट खाली. गव्याचं शेण ओलांडून जातात, बघतपण नाहीत. तिथे गाइड सक्तीचा केला तर पायवाट म्हणतात तसं अर्धं काम झालंच.

मेघना_सहकारनगर
मला या सगळ्या चर्चेत एक गोष्ट खटकतेय की जिप्सीतून जाणारे म्हणजे कमी दर्जाचे निसर्गप्रेमी असा सूर आहे. माझ्या आईचे दोन्ही गुडघे गेलेत. तिला आयुष्यात वाघ बघायचा होता, मागच्या मे महिन्यात जिप्सीत मध्ये बसवून उशा लावून नेलं, वाघ दिसला आणि ती रडली. ती काय नागमोडी पळणार गेंड्यापुढे? जंगल काय फक्त ज्यांना दहा-पंधरा किलोमीटर चालता येतं त्यांचंच आहे का? ट्रेकर लोकांना ना, स्वतःच्या पायांचा फार अभिमान असतो.

आणि हो, चितवनमध्ये हत्तीच्या पाठीवर पर्यटक बसवून जंगलात फिरवतात त्याबद्दल एक ओळपण नाही लिहिलीत तुम्ही. त्या हत्तींना विचारा पायी जंगल कसं वाटतं ते.

शेकरू_खांडस
हत्तीचा मुद्दा बरोब्बर. वाचताना मलाही तेच आलं होतं डोक्यात.

कऱ्हांडला_बफर
मेघनाताई, तुमच्या आईंचा आनंद पोचला, पण जिप्सी म्हणजे निरुपद्रवी हे शेकरूंचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. ३१ डिसेंबर २०२४, उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य. वाघीण आणि तिची पाच पिल्लं, दोन्ही बाजूंनी जिप्सी लावून वाट अडवली, व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. नागपूरच्या हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली, गाइड आणि ड्रायव्हरवर कारवाई झाली. पण कारवाई गरिबावरच झाली हो, मागच्या सीटवरून 'भैया थोडा आगे लो, टिप देंगे' म्हणणारा घरी जाऊन रील टाकून मोकळा. माणूस गाडीत बांधलेला असतो म्हणे, गाडी कोण बांधणार?

चांदा_ते_हिंजवडी
हे खरं आहे. आमच्या गावचे दोघं गाइड आहेत, ते सांगतात वाघ दिसला नाही तर पाहुणे तोंड पाडून बसतात, टिप तर सोडाच. दिवसभर तुरेवाला सर्पगरुड, रानकुत्रे, नीलगाय दाखवली तरी 'कुछ नहीं दिखा' म्हणतात. तरीपण पायी नको म्हणतो मी. पैसा गावाले द्यायचा तर जिप्सीतूनही देता येतो, त्यासाठी माणूस वाघासमोर उभा कराची गरज नाही.

पायवाट
@मेघना_सहकारनगर हत्तीवर मी बसलो नाही आणि कोणी बसू नये असंच माझं मत आहे. सौराहात तो धंदा अजून आहे. आईंना मात्र चितवनला जरूर न्या, जीप सफारी आहेच आणि होडीत तर काहीच चालायला लागत नाही, बसून मगरी आणि खंड्या बघत जायचं. जिप्सी बंद करा म्हणत नाहीये मी, तिच्याशिवाय दुसरं काहीच ठेवलेलं नाही हे खटकतं.

@चांदा_ते_हिंजवडी दादा, तुमच्याकडे नकोच. पण पुण्याजवळ गवताळ भाग आहे ना, इंदापूरला कडबनवाडी, बारामतीकडे शिर्सुफळ, तिथे लांडगा, चिंकारा, खोकड, आणि वनखात्याने ग्रासलँड सफारी सुरू केली तीपण गाडीतूनच. तिथे वाघ नाही, गेंडा नाही. तिथे तरी चालवा लोकांना, वाघाशिवाय चालायला शिकतील.

शेकरू_खांडस
आणि लांडग्याच्या बिळाशेजारी ड्रोन उडवतील. माझं मत तेच आहे, बदलत नाही. गाइडच्या मागे गप्प चालणारे दहाजण मला एका रविवारी भीमाशंकरला दाखवा, मग कोयनेचं बोलू.

बामणोली_रिटर्न्स
श्रावणातला रविवार सोडून कधीही या, मी दहाजण आणतो.

मेघना_सहकारनगर
पायवाट, आईला न्यायचं ठरलं तर कागदपत्रं काय लागतात? तिचा पासपोर्ट संपलाय. आणि कोणता महिना?

पायवाट
विमानाने गेलात तर भारतीयांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, एरवी आधार चालत नाही, पण ६५ च्या वरच्यांना वयाचा पुरावा आणि फोटो असलेलं कार्ड चालतं, त्यात आधार येतं. पुण्याहून गोरखपूरला रेल्वे आहे, तिथून सोनौली बॉर्डर, पण गुडघ्यांचा विचार करता विमानच बरं. फेब्रुवारी-मार्च बघा, तोवर गवत कापलेलं-जाळलेलं असतं, प्राणी लवकर दिसतात. पार्कचं तिकीट सार्क देशांच्या लोकांना (त्यात आपण येतो) इतर परदेशी लोकांच्या निम्म्या दरात आहे, खिडकीवर आधीच सांगा, नाहीतर पूर्ण लावतात. आपल्या १०० रुपयांचे तिथले १६० होतात.